मागचा पाय कुठे ठेवायचा, हे सांगणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही शिकवलेलं आमच्या सकाळच्या बॅचपुरतं राहू नये. मुंबईत सर्फिंग शिकणाऱ्याचं दुखणं ठरलेलं आहे. तिन्ही बाजूंना समुद्र, पण चढण्याजोगी लाट मोजक्याच दिवशी. पावसाळ्यात दर्या खवळलेला, तेव्हा पाण्यात उतरायचं नाही. विरारजवळच्या राजोडीच्या किनाऱ्यावर जायचं तर विरार लोकल, पुढे रिक्षा, आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक न बघता गेलात तर पाणी पार लांब गेलेलं. कर्नाटकातलं सर्फिंगचं गाव मुल्की कोकण रेल्वेवर आहे खरं, पण तिथे दर रविवारी कोण जाणार? म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस कोरड्या जमिनीवरच जातात. त्या दिवसांत सर्फस्केटवर (लाटेवरच्या फळीसारखा वळणारा चाकांचा बोर्ड) आणि त्याशिवाय काय करायचं हे तुम्ही नीट सांगितलंत, त्याबद्दल हे आभार.

पहिले आभार खरेदीच्या वेळी अडवल्याबद्दल. दुकानात मिळणारा साधा स्केटबोर्ड उड्या आणि ट्रिकसाठी असतो. त्याची चाकं ५२-५४ मिमीची, ९९ए कडकपणाची. पेव्हर ब्लॉकवर तो दात वाजवतो आणि वळायला तर तयारच नसतो. सर्फस्केटचा पुढचा ट्रक (चाकं धरणारा फळीखालचा धातूचा सांगाडा) बिजागरीसारखा डावी-उजवीकडे फिरतो, मागचा जवळपास स्थिर असतो. चाकं ६५ ते ७० मिमी, ७८ए च्या आसपास मऊ, म्हणजे बारीक खडी आली तरी बोर्ड जागच्या जागी थांबून माणूस पुढे उडत नाही. मापाची तुमची युक्ती तर फारच सोपी : पाण्यातल्या फळीवर उभं राहतो तसं जमिनीवर उभं राहायचं, एका पावलाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपने मोजायचं आणि दोन ट्रकमधलं अंतर त्याच्या जवळपास असलेला बोर्ड घ्यायचा. दिसायला झकास, पण आखूड बोर्ड घेतला की पाय जवळ येतात, आणि तीच सवय लाटेवर घेऊन गेलं की माणूस बाजूला कलंडतो.

(तसा हा उसना व्यवहार जुनाच आहे. १९५० च्या सुमारास कॅलिफोर्नियात लाटा नसतील तेव्हा सर्फर मंडळींनी फळीला चाकं ठोकली, तिथून स्केटबोर्डिंग वाढलं. मग १९९६ मध्ये कार्व्हर या बोर्ड बनवणाऱ्या कंपनीने वळणारा ट्रक काढून ते पुन्हा सर्फिंगच्या दारात आणून सोडलं.)

दुसरे आभार चपलांबद्दल. प्लास्टिकचे कोन विकत आणायची गरज नाही, सोसायटीच्या पार्किंगमधल्या कोब्यावर सहा चपला पाच-पाच फुटांवर ओळीने ठेवा आणि त्यांच्यामधून बोर्ड नागमोडी काढा, एवढंच तुम्ही म्हणालात. क्रमही पक्का ठरवून दिलात : आधी नजर पुढच्या चपलेकडे, मग खांदा, मग कंबर, शेवटी गुडघा आणि पाऊल. नजर चाकांवर राहिली की बोर्ड चपलेवरच जातो. पायाने ढकलायचं नाही, वेग शरीरातूनच काढायचा. वळणात शिरताना गुडघ्यात बसायचं, वळणातून निघताना उठायचं. उभ्याने झोका चढवताना आपण नेमकं हेच करतो. झोका सगळ्यात खाली असताना बसलेला माणूस उठतो आणि झोका चढतो. उठण्याची वेळ चुकली की झोकाही मरतो आणि बोर्डही.

इथे नव्वद टक्के लोक एकच चूक करतात. हात विळ्यासारखे फिरवतात आणि कंबरेपासून वरचं अंग पिळून बोर्ड हलवतात. बोर्ड पुढे जातो, म्हणून आपलं बरोबर चाललंय असं वाटतं. लाटेवर मात्र याने काहीच मिळत नाही. त्यावरची तुमची तपासणी आम्ही अजून करतो : मोबाइल जमिनीवर टेकवून बाजूने शूटिंग करायचं आणि फक्त डोकं बघायचं. डोकं वीतभर खाली-वर होत असेल तर पाय काम करताहेत. एकाच उंचीवरून सरकत असेल तर नुसते हात नाचताहेत.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र आहे. सर्फस्केट चांगला येणारा माणूस पाण्यात का फसतो, याचं कारण नेमक्या शब्दांत तुम्ही सांगितलंत. सर्फस्केट पुढून वळतो, सर्फबोर्ड मागून. सर्फबोर्डचे फिन (माशाच्या परासारखी पाती) शेपटीखाली असतात आणि वळण त्यांच्यावर रेलून घ्यायचं असतं. कोब्यावर महिनोन्महिने पुढच्या पायाने वळायची सवय लागली की पाण्यातही सगळा भार पुढे जातो, बोर्डचं नाक पाण्यात घुसतं आणि वरचा माणूस नाकावरून पुढे फेकला जातो. उपाय म्हणून तुम्ही मागचा पाय मागच्या ट्रकच्या बोल्टवर किंवा त्याच्याही किंचित मागे ठेवायला लावलात, पुढचा पाय पुढच्या बोल्टच्या थोडा मागे. मागचा गुडघा बाहेर न फाकवता आत वळवायचा. वळणाची सुरुवात टाच-चवड्याने, शेवट मात्र मागच्या पायावर दाबून. कार्टर रोडच्या स्केटपार्कमधल्या उतारावर हे सगळ्यात स्वच्छ कळतं : सपाटीवर खाली बसून वळायचं, उतारावर चढायचं, वर वेग संपायच्या आत मागच्या पायावर भार टाकून बोर्ड फिरवायचा. गर्दी व्हायच्या आधी जावं, आणि लहान मुलांची रांग आधी.

तिसरे आभार बोर्ड बाजूला ठेवायला सांगितल्याबद्दल. सर्फर पाण्यात असतो त्यातला निम्म्याच्या आसपास वेळ हाताने वल्हवण्यात जातो, उरलेल्यातला बराचसा लाटेची वाट बघण्यात. लाटेवर प्रत्यक्ष उभं राहणं दहा टक्क्यांच्याही खाली. हे आकडे ऐकल्यावर आठवड्याचे सगळे दिवस स्केटिंगला देणं वेडेपणाचं वाटतं. म्हणून स्केटिंग दोनच दिवस, चाळीस मिनिटं. दोन दिवस तलाव. शिवाजी पार्कचा महात्मा गांधी जलतरण तलाव असो की जवळचा कुठलाही, २५ मीटरचे आठ जोरदार फेरे, दोन फेऱ्यांच्या मध्ये ३० सेकंद थांबायचं, आणि शेवटचे दोन फेरे डोकं पाण्याबाहेर ठेवून. फळीवर डोकं वर ठेवूनच वल्हवावं लागतं आणि मान-पाठ तिथेच दगा देते. त्यासाठी घरी शलभासन, ३० सेकंदांचं, चार वेळा.

व्यायामशाळेची महागडी फी वाचवलीत तीही जोर, बैठका आणि सपाट्यांवर आणून. लाट पकडल्यावर पालथं पडलेल्या माणसाने एका झटक्यात पायांवर यायचं असतं. सपाट्यात तेच तर होतं : जोर, लगेच पाय आत, बैठक, उभं. फरक एवढाच की पाय समांतर न आणता एक पुढे, एक मागे, आडवे टेकवायचे. दहाचे तीन सेट, सतरंजीवर खडूने पावलांच्या खुणा करून. पाऊल खुणेवर पडलं नाही तर तो सपाटा धरायचा नाही. आधी गुडघा टेकवून उठायची सवय तर लागूच द्यायची नाही, ती नंतर सुटता सुटत नाही.

खांद्यांसाठी रबर बँड : कोपर बरगडीला चिकटवून हात बाहेर ओढायचा, पंधराचे तीन सेट. वल्हवून खांदे पुढे आवळले जातात, हा व्यायाम त्याची भरपाई आहे. घोट्यासाठी भिंतीची तपासणी : अंगठा भिंतीपासून दहा सेंटिमीटरवर, टाच न उचलता गुडघा भिंतीला लागला पाहिजे. लागत नसेल तर बसताना टाच उचलली जाते आणि बोर्डच्या टाचेकडच्या कडेवर भारच येत नाही. आणि तलावात एकट्याने श्वास रोखायचा सराव कधीही करायचा नाही, हे तुम्ही ज्या आवाजात बजावलंत तो आवाज अजून कानात आहे. पाण्याखाली शुद्ध हरपते ती सूचना न देता.

पडण्याचंही शिकवलंत. पाणी माफ करतं, कोबा करत नाही. हेल्मेट, मनगटाचे गार्ड आणि गुडघ्यांचे पॅड चढवल्याशिवाय चपलासुद्धा मांडायच्या नाहीत. तोल गेला की हात मागे टेकवायचा नाही, गुडघ्यांवर घसरायचं. आणि सर्फस्केट घेऊन मोठ्या उतारावर जायचं नाही. सैल पुढचा ट्रक वेगात थरथरायला लागला की तो सावरत नाही.

उरली देखभाल. समुद्राची खारी हवा दोन महिन्यांत बेअरिंग गंजवते. चाक काढा, बेअरिंगची रबरी झाकणी टाचणीने उचला, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून घ्या, पूर्ण वाळवा आणि शिलाई मशीनच्या तेलाचे दोनच थेंब. खोबरेल तेल नको (हे सांगावं लागतं, यातच सगळं आलं), त्याला धूळ चिकटते. चाकाचा नट घट्ट आवळून मग पाव फेरा सैल, चाक किंचित डुललं पाहिजे.

आपली,
सकाळची बॅच

ता. क. तुमचा १३ चा पाना आमच्याकडेच राहिलाय. रविवारी घेऊन येतो.