मसाल्यातले रान कुणाला दिसत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्ट उजाडला की रानभाजी महोत्सवांच्या बातम्या सुरू होतात. आपल्या अंकातही टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली यांची छायाचित्रे आणि पाककृती वाचल्या. उपक्रम चांगला आहे, त्याला नावे ठेवायची नाहीत. पण रानातून घरात येते ती फक्त भाजीच, असा समज त्यामुळे पक्का होत चालला आहे. सातारा-सांगलीकडे घरोघरी वर्षाचा कांदा-लसूण मसाला होतो. त्यातली मिरची, धणे, तीळ शेतातले. दगडफूल, रामपत्री, नागकेशर मात्र मुख्यतः जंगलातून येतात, आणि त्यांची साधी चौकशीही कुणी करत नाही.

दगडफुलाचेच घ्या. कराडच्या बाजारात पुडी बांधून मिळते ते वरून राखाडी, खालून काळे, कडेला मुरडलेले असते. निवडायला बसले की निम्मी साल आणि काटक्याच हाती लागतात. कच्चे हुंगले तर मातकट वास, बस्स. तेलात मंद आचेवर परतले की मग खरा मसाल्याचा वास सुटतो. करपले तर कडवट होते, म्हणून आमच्याकडे ते मिरचीबरोबर कधीच भाजत नाहीत. ही वनस्पतीसुद्धा नव्हे. बुरशी आणि शेवाळ यांचा तो एकत्र संसार, झाडाच्या सालीवर किंवा खडकावर मांडलेला. वाढतो वर्षाला काही मिलिमीटर. त्याचे बी पेरता येत नाही, रोप लावता येत नाही. फांदी खरवडून काढली की तिथे पुन्हा तळहाताएवढे दगडफूल यायला कित्येक वर्षे जातात. हवा खराब झाली तर तेही येत नाही.

रामपत्रीची गोष्ट याहून वाईट. जायफळाच्याच कुळातल्या, पश्चिम घाटाच्या सदाहरित जंगलातल्या एका झाडाच्या बीवरचे ते आवरण. हे झाड आज संकटग्रस्तांच्या यादीत आहे. नागकेशर म्हणून तर एकाहून जास्त झाडांच्या कळ्या विकल्या जातात. दुकानदाराला विचारा, तो फक्त भाव सांगतो.

तमालपत्राबद्दल थोडे. पिशवीबंद मिळते ते बहुतेक हिमालयाच्या पायथ्याकडचे. आपल्या महाबळेश्वर-कोयना पट्ट्यात रानदालचिनीची झाडे आहेत. पानावर देठापासून निघालेल्या तीन ठळक शिरा दिसतात आणि चुरगाळले की दालचिनीचाच वास येतो. पाटणच्या डोंगरातली माणसे हीच पाने वापरतात. रानचा कढीलिंबही तसाच, पान लहान पण वास उग्र. घाटाखालून तिरफळे येतात. त्यांतले काळे बी टाकून फक्त टरफल वापरायचे, हे कोकणातल्या सुनेला सांगावे लागत नाही, आमच्याकडे मात्र बीसकट वाटून ठेवणारे भेटतात.

आता मुद्द्याचे. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलात मिळणारा इतर माल, गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क वननिवासींना दिला आहे. पण आपल्या जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र (आदिवासीबहुल म्हणून घोषित केलेला भाग) नाही आणि डोंगरातली बरीच कुटुंबे आदिवासी म्हणून नोंदलेली नाहीत. त्यांना 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. वाडीवरच्या म्हातारीने एवढी कागदपत्रे आणायची कुठून? शिवाय कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव कायद्याची बंधने आहेत. ती असावीतच. पण मग बाजारात येणारा माल कोण, कुठून आणि कसा काढतो, हे कुणी तरी पाहायला हवे. आज तो येतो आणि खपतो, एवढेच आपल्याला कळते.

माझी सूचना साधी आहे. मसाला कुटायच्या डंकावर रांगा लागतात त्या चैत्र-वैशाखात कृषी आणि वन विभागाने मिळून सातारा, कराड, सांगलीच्या बाजारात एक दालन लावावे. तिरफळ, रानदालचिनी, कढीलिंब यांची रोपे बांधावर लावता येतात, ती तिथे द्यावीत. दगडफूल पडलेल्या फांद्यांवरूनच गोळा करावे, उभ्या झाडाची साल खरवडू नये, हे गोळा करणाऱ्यांना आणि घेणाऱ्या व्यापाऱ्यांनाही सांगावे. नुसती जाहिरात झाली तर उलटे होईल, मागणी वाढेल आणि उरलेल्या फांद्याही सोलल्या जातील. रानभाज्यांपैकी काहींचे तसे होऊ लागलेच आहे, असे माझे मत.

आपल्या पुरवणीत उन्हाळ्यात मसाल्यावर पान असतेच. पाककृती आमच्याकडे भरपूर आहेत. या खेपेला माल गोळा करणाऱ्यांना भेटायला आपला वार्ताहर डोंगरात पाठवावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक, कराड