उद्यमनगरातल्या काकांना, जाहीर आभार

तीर्थस्वरूप काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्यासमोर आभाराचं काही काढलं की तुम्ही ‘आधी चहा घे’ म्हणून विषय बदलता, काकी हसत आत जातात आणि माझं बोलणं तसंच राहून जातं. म्हणून चारचौघांत लिहितेय. तुमचं नाव घालत नाही, नाहीतर महिनाभर माझ्याशी बोलणार नाही तुम्ही. उद्यमनगरात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

बाकीच्यांसाठी थोडं सांगायला हवं. आर्किटेक्चरचं पुढचं शिक्षण इटलीत घ्यायचं, त्याआधी पेरूजाच्या विद्यापीठात भाषेचा कोर्स करायचा, असं मी ठरवलं तेव्हा कोल्हापुरात इटालियन शिकवणारं मला कुणी सापडेना. जर्मनचे क्लास आहेत, जपानीचे आहेत. पप्पा म्हणाले, ‘आपल्या काकांना येतं की.’ मला वाटलं चेष्टा करतायत. फौंड्रीवाला माणूस, शिरोलीला कारखाना, उद्यमनगरात मशीन शॉप, त्यांना इटालियन कुठनं? मग कळलं की नव्वदच्या दशकात ब्रेशियाच्या बाजूनं मोल्डिंगचं मशीन आणलं होतं, ते बसवायला आलेले तिकडचे फिटर तुमच्याच घरी जेवायचे, आणि पुढं सुट्या भागांसाठी तुम्हीही तिकडं जायचात. दुभाषा परवडत नव्हता म्हणून भाषा शिकलात. हे कारण मला आजही कुठल्याही क्लासच्या जाहिरातीपेक्षा खरं वाटतं.

तुमची ती निळ्या पुठ्ठ्याची वही! पहिलाच शब्द ‘साब्बिया’, म्हणजे वाळू. फौंड्रीवाल्याचा पहिला शब्द दुसरा कुठला असणार? मग भट्टी, साचा, पाना, स्क्रू, वॉशर. ‘नमस्कार’ आणि ‘आपण कसे आहात’ पाचव्या पानावर. सगळं देवनागरीत, पेन्सिलीनं, आणि जिथं अक्षर जोडून म्हणायचं तिथं खाली दोन रेघा. लेथच्या आवाजात तुम्ही ओरडून सांगायचा, ‘अगं, इंग्रजीतला ट टाकून दे! तव्यातला त घे, दह्यातला द घे. आणि सत्तर म्हणताना जसं थांबतीस तसं थांब.’ त्या थांबण्याचं महत्त्व पेरूजात गेल्यावर कळलं. ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा आणि ‘नोनो’ म्हणजे नववा. माझ्या वर्गात एक इंग्रज मुलगा होता, व्याकरणात माझ्या पुढं, पण त्याचे आजोबा शेवटपर्यंत नववेच राहिले. आपल्याला पक्का, गल्ली, सत्तर बोलायची सवय लहानपणापासून, त्यामुळं बाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, तू आधी कुणाकडं शिकलीस? फौंड्रीत, असं सांगितलं तर त्यांना वाटलं मला शब्द चुकीचा आठवतोय.

व्याकरणाचं मात्र तुम्ही सरळ सांगून टाकलं होतं की ते तिथंच शीक, मला फिटरचं येतं. तेही मराठी माणसाला फार परकं नाही. ‘मी गेले’ म्हणताना तिकडंही बाईला वेगळा प्रत्यय, ‘सोनो अन्दाता’, आणि पुरुषाला ‘अन्दातो’. इथं गंमत झाली. आपल्याकडं पोरीसुद्धा ‘मी आलो, मी जातो’ म्हणतात हे बाईंना समजावण्यात एक अख्खा तास गेला. त्यांनी ते फळ्यावर लिहून घेतलं आणि दुसऱ्या वर्गालाही सांगितलं. कोल्हापूर म्हटल्यावर त्यांना एवढंच माहीत होतं की 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं दाखवलेल्या, कोल्हापुरी चपलेसारख्या सँडलींवरून त्या गावानं आवाज उठवला होता. आता त्यांना आपली क्रियापदंही माहीत आहेत.

पण तुमच्या वहीचा खरा पराक्रम वेगळाच. पेरूजात जुन्या दगडी इमारतींत गरम पाण्याचे रेडिएटर असतात, आणि ते मनाला येईल तेव्हा लावता येत नाहीत. त्या भागात साधारण 15 ऑक्टोबर ते 15 एप्रिल एवढाच काळ नियमानं ठरलेला. उन्हाळाभर बंद असलेला आमच्या खोलीचा रेडिएटर पहिल्याच दिवशी व्हॉल्व्हपाशी गळायला लागला. खाली टब लावून आम्ही तिघी बघत बसलो. घरमालकीणबाईंनी प्लंबरला फोन लावून माझ्या हातात दिला, काय झालंय ते तूच सांग म्हणून. माझ्याबरोबरच्या दोघी संकेतार्थात वाक्यं करू शकत होत्या, पण ‘वॉशर गेलाय’ हे कुणाला येत नव्हतं. मला येत होतं. ‘ग्वार्नित्सिओने’, तुमच्या वहीत पान तिसरं. प्लंबर पलीकडून क्षणभर गप्पच झाला आणि मग एवढ्या वेगानं बोलायला लागला की पुढचं मला काहीच कळलं नाही. पण संध्याकाळी योग्य तो वॉशर घेऊन आला.

कागदपत्रांचंही तुम्हीच बघितलंत. व्हिसासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला जायच्या आदल्या रात्री काकींनी जेवायची ताटं बाजूला सारून फाइल लावायला जागा केली होती. बँकेचं पत्र, विमा, प्रवेशाचा कागद, प्रत्येकाच्या दोन प्रती. ‘उतरल्यावर आठ दिवसांत पोस्टात जाऊन राहण्याच्या परवान्याचा अर्ज भरायचा, आधी फिरायला पळायचं नाही,’ हे तुम्ही तीनदा बजावलंत. तिथं पोहोचल्यावर बघितलं तर कामकाजाच्या आठ दिवसांचाच नियम. पोस्टाच्या खिडकीत अर्जाचा लिफाफा मिळतो, वर 16 युरोचा स्टँप. अर्ज भरताना मला आपलं तहसील कार्यालयच आठवलं, फक्त रांगेत कुणी घुसत नव्हतं.

फिरण्याबद्दलचे तुमचे सल्ले सगळे कामाला आले. कॉफी काउंटरपाशी उभ्यानं प्यायची, बसलं की दर वाढतो. पॅसेंजर गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घेतल्याशिवाय डब्यात पाय ठेवायचा नाही. ‘महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी म्युझियम फुकट’ ही भर मी घालते, तुमच्या वेळी ते नव्हतं. सिएना आवडलं, रोम दमवून गेलं. असिसीला मात्र दोनदा गेले. 1997 च्या भूकंपात सेंट फ्रान्सिसच्या चर्चचं छत कोसळून चार माणसं गेली, भित्तिचित्रांचा अक्षरशः चुरा झाला, आणि तो चुरा गोळा करून, तुकडा तुकडा जुळवून पुन्हा वर चढवलाय. जिथले तुकडे जुळले नाहीत तिथं चित्र पुरं केल्याचा आव आणलेला नाही. मान दुखेपर्यंत बघत बसले. आपल्याकडं जीर्णोद्धार म्हटलं की ऑइल पेंटचा डबा उघडतात, त्याबद्दल तुमच्याशी एकदा सविस्तर भांडायचंय.

आणि काशिने. निघताना तुम्ही एवढंच म्हणाला होता, ‘फ्लॉरेन्सला गेलीस की काशिने बागेत जाऊन ये. आपला माणूस आहे तिथं.’ नोव्हेंबरमधल्या एका रविवारी गेले. फुलांच्या दुकानात सगळीकडं शेवंतीच शेवंती. तिकडं ती मृतांची फुलं, 2 नोव्हेंबरला कबरींवर वाहतात, घरी भेट म्हणून कुणी नेत नाही. आपल्याकडं तीच अंबाबाईला. फुलवालीनं विचारलं, दफनभूमीसाठी का? म्हटलं, तसंच समजा.

बाग आर्नो नदीच्या काठानं लांबच लांब आहे. पार पश्चिमेच्या टोकाला, जिथं मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते, तिथं छत्री दिसली. खरोखर छत्री, आपल्या पंचगंगेच्या घाटावर शोभावी अशी, आणि तिच्याखाली रंगवलेला अर्धपुतळा, पगडी, दागिने. करवीरचे दुसरे राजाराम महाराज. 1870 मध्ये इंग्लंडला गेले आणि परतीच्या वाटेवर 30 नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्येच वारले, वय जेमतेम वीस. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती. दहनाची तिथं रीत नव्हती, खास परवानगी काढून दोन नद्यांच्या संगमावर रात्री अग्नी दिला. 1874 मध्ये तिथं हे स्मारक झालं. पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा, आणि छत्रीचं काम मेजर मँटचं. मँट म्हणजे आपला न्यू पॅलेस ज्यानं आखला तोच! पाच वर्षं आर्किटेक्चर शिकले, न्यू पॅलेसची मोजमापं घेतली, पण हे मला कुठल्याही वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं ते फौंड्रीवाल्यानं.

तिथं कुत्रा फिरवणारे एक आजोबा थांबले. त्या भागात सगळ्यालाच ‘इन्दियानो’ म्हणतात, 1978 साली झालेल्या पलीकडच्या मोठ्या पुलालासुद्धा. जन्म तिथं गेलेल्या त्या आजोबांना त्या इन्दियानोचं नाव मात्र ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. हा आमच्या गावचा राजा, याच्या नावाचं कॉलेज 1880 पासून आहे, माझी आई तिथं शिकली. ते मध्ये मध्ये ‘हळू सांग’ म्हणत होते, कारण मी कोल्हापुरी वेगानं इटालियन बोलत होते. नंतर त्यांनी माझ्याकडून ‘राजाराम’ चार वेळा म्हणवून घेतलं. फुलं वाहिली, फोटो काढले. घरी येऊन दाखवते, व्हॉट्सअॅपवर पाठवणार नाही.

काका, एक विनंती आहे आणि ती मुद्दाम इथं करतेय, म्हणजे तुम्हाला नाही म्हणता येणार नाही. विद्यापीठातल्या दोन मुली आणि गोकुळ शिरगावातल्या एका कारखान्यातला एक मुलगा, तिघांना इटालियन शिकायचंय. व्याकरण मी घेते. बोलायचं तुम्ही शिकवा, लेथ चालू ठेवूनच. तुमच्या वहीची झेरॉक्स काढून ठेवलीय, मूळ वही शनिवारी परत आणते. काकींना सांगा, जेवूनच जाणार आहे, आणि पांढरा रस्सा जरा जास्तच ठेवायला सांगा, तिघंही बरोबर येतायत.

तुमची,
मंगळवार पेठेतली विद्यार्थिनी