जिवाणूची शेपटी आणि ख्रिस्ती श्रद्धा

महोदय,

जिवाणूला पोहायला मदत करणाऱ्या शेपटीतली फिरती ‘मोटर’ दाखवून डार्विनला निकालात काढणारे वाचकपत्र आपल्या अंकात वाचले. ख्रिस्ती धर्माला उत्क्रांती मान्यच नाही, असेही त्यात सरसकट ठोकून दिले आहे. मी वसईचा कॅथलिक. मला हे दुसरे विधान जास्त खटकले. पण आधी शेपटीचे पाहू.

हा युक्तिवाद अमेरिकेतले जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही यांचा. एक प्रथिन काढले तरी शेपटी फिरत नाही, म्हणजे ती टप्प्याटप्प्याने घडणे शक्य नाही, कुणीतरी रचलीच असणार! ऐकायला बिनतोड. त्याचा कस लागला २००५ साली, पेनसिल्व्हेनियातील डोव्हरच्या खटल्यात. नववीच्या मुलांना उत्क्रांतीला पर्याय म्हणून ‘बुद्धिमान रचने’ची, म्हणजे सजीव कुणा बुद्धिमान कर्त्याने रचले या मताची, ओळख करून देण्याचा ठराव तिथल्या शाळा मंडळाने केला होता, ११ पालक कोर्टात गेले. पालकांचे पहिले साक्षीदार, जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर यांनी दाखवून दिले की शेपटीच्या बुडाशी असतात तशीच दहाएक प्रथिने प्लेगच्या जिवाणूत विष टोचणारी सुई म्हणून काम करतात. शेपटी फिरायची थांबली, तरी उरलेले भाग निकामी ठरत नाहीत.

मग रोगप्रतिकारक यंत्रणेची पाळी आली. तिच्या उगमाबद्दल विज्ञानाकडे उत्तर नाही, असे बीहींनी लिहून ठेवले होते. उलटतपासणीत वकिलांनी त्यांच्यापुढे याच विषयावरचे ५८ शोधनिबंध आणि वर पुस्तकांचा ढीग ठेवला. बीहींचे म्हणणे, एवढ्याने भागत नाही. मग कशाने भागणार होते, देव जाणे! ‘बुद्धिमान रचना हे विज्ञान नव्हे’ असा निकाल देणारे न्यायाधीश जॉन जोन्स कुणी डावे नव्हते, जॉर्ज बुश (धाकटे) यांनीच नेमलेले होते.

आणि मिलर? श्रद्धाळू कॅथलिक. उत्क्रांती आता केवळ एक गृहीतक राहिलेली नाही, हे पोप जॉन पॉल दुसरे १९९६ मध्येच म्हणाले होते. पृथ्वी सहा-दहा हजार वर्षांचीच मानणारे ख्रिस्ती आहेत, नाही असे नाही. पण त्यांचे खापर आम्हा सगळ्यांवर कशाला? शिवाय हा हेका बायबलवाल्यांचाच, असेही नाही. माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला नाही, सबब डार्विन चूक, असे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह जानेवारी २०१८ मध्ये बोलले, ते आपल्या औरंगाबादेत, वैदिक संमेलनाच्या निमित्ताने.

पत्रलेखकांनी डोव्हरचा निकाल जरूर वाचावा. १३९ पाने आहेत, इंटरनेटवर फुकट मिळतो.

— एक वाचक, वसई