‘उपस्थित’चा ‘उ’

संपादक महाशय, सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला टोकनमुक्त, म्हणजे मजकुराचे आधी ‘टोकन’ नावाचे तुकडे न पाडणाऱ्या, एआय भाषा-मॉडेलांवरचा लेख वाचला. टोकनं इंग्रजीला धरून पाडलेली, त्यामुळे मराठी शब्दाचे तुकडे जास्त व्हायचे. मॉडेल आता थेट बाइट (संगणक मजकूर ज्यांत साठवतो ते ० ते २५५ मधले आकडे) वाचणार, बाइटला भाषा कळत नाही, तेव्हा मराठीवरचा अन्याय संपला, असं लेखकमहाशय आनंदाने लिहितात. त्यांच्या आनंदावर विरजण घालायची इच्छा नाही. पण अक्षरांचे बाइट करायच्या यूटीएफ-८ या रूढ पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीला तीन, हे एका ओळीत सांगायला काय हरकत होती?

मला हे झोंबतं याला कारण आहे. मी आमच्या वाचनालयाचा कार्यवाह होतो, तेव्हा सभासदांना एसएमएस गेला : ‘वार्षिक सर्वसाधारण सभा रविवारी सकाळी दहा वाजता वाचनालयात होईल. कृपया उपस्थित राहावे.’ एका मेसेजला रोमन मजकुरात मर्यादा १६० खुणांची (अक्षर, काना-मात्रा, मोकळी जागा, सगळं धरून), देवनागरीत ७०. ‘उपस्थित’चा ‘उ’ बरोबर सत्तरावा! पुढच्या चौदा खुणांसाठी दुसऱ्या मेसेजचे पैसे, आणि तेही प्रत्येक सभासदामागे. खजिनदार म्हणाले, ‘कृपया’ काढा. काढलं, तरी मावेना. पुढच्या वर्षीपासून सूचना इंग्रजीत गेली. ज्या आजी रोज दुपारी कादंबरी बदलायला यायच्या, त्यांनी फोन करून विचारलं, ‘अहो, सभेचं मराठीत कळवा ना.’ काय सांगणार?

एसएमएसचा हिशेब वेगळा, हे मान्य. पण तोच ‘उपस्थित’ घ्या. वेलांटी आणि हलन्त धरून खुणा सात. इंग्रजी ‘प्रेझेंट’चीही अक्षरं सातच. बाइट मात्र तिकडे ७ आणि इकडे २१. साधं बाइट-मॉडेल लिहिताना एका बाइटला अख्खा एक फेरा मारतं, म्हणजे सगळी आकडेमोड एकदा करतं; आपल्या शब्दाला एकवीस फेरे. गूगलच्या ‘बाय-टी-फाइव्ह’ या बाइट वाचणाऱ्या मॉडेलच्या कर्त्यांनी २०२१ सालीच वेग कमी पडतो हे कबूल केलं होतं. गंमत म्हणजे या एकविसांत पहिला बाइट सातही वेळा २२४, दुसरा सहा वेळा १६४ आणि फक्त हलन्ताला १६५. जे शेंबड्या पोरालाही ओळखता येईल, त्यासाठी एवढं अवाढव्य यंत्र चौदा वेळा फिरवायचं!

यावर उपाय निघालेत आणि लेखात नेमके तेच एका वाक्यात गुंडाळलेत. मेटाच्या २०२४ अखेरच्या ‘बाइट लेटंट ट्रान्सफॉर्मर’मध्ये एक छोटं मॉडेल पुढचा बाइट किती बेभरवशाचा आहे ते पाहतं, सोपे बाइट एका गठ्ठ्यात बांधतं आणि मोठं मॉडेल गठ्ठ्यामागे एकदाच चालतं. दुसऱ्या एका पद्धतीत छोट्याने पुढचे चार-पाच बाइट अंदाजाने लिहायचे आणि मोठ्याने ते एका दमात तपासायचे. मराठीला यात फायदा आहेच. पण त्या छोट्याने मराठी किती वाचलंय? इंग्रजीवर पोसलेलं पोर आपली जोडाक्षरं कुठेही तोडणार आणि त्याचे अंदाज मोठा सारखे खोडत बसणार. मग वेग कसला? हे लेखकाने विचारायला हवं होतं.

आणि त्या छोट्याला वाचायला मराठी मिळणार कुठून? कालचाच लेख तुमच्या ई-पेपरमधून कॉपी करून मुलाला पाठवला. ‘ऱ्य’ तर सोडाच, एकही शब्द धड उतरला नाही. चौकोन, स्वल्पविराम आणि रोमन अक्षरांचा चिवडा! पडद्यावर मराठी आणि आत भलत्याच खुणा असलेला जुना फॉन्ट अजून बदललेला दिसत नाही; मॉडेललाही हाच चिवडा मिळणार. शेवटी कात्रणाचा फोटो काढून पाठवला.

आपला,
एका वाचनालयाचा माजी कार्यवाह, सातारा