मेळावा नको, माणसं दे

प्रिय बापू,

मुख्याध्यापिकाबाईंनी काल करिअर मार्गदर्शनाची फाईल माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "यंदा मेळावा जोरात करा." हे तुझ्याशिवाय कुणाला लिहू? तू कंपनीच्या ट्रेनिंग खात्यात, मी फळ्यापुढे, आणि याच विषयावर आपलं भांडण कधीचं चालू. तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो, त्याचं काही विशेष नाही.

मेळावा म्हणजे काय ते तुला सांगायला नको. सभागृहात २४० मुलं, मंचावर चार पाहुणे, खरखरणारा माईक, शेवटी फोटो. अहवालात लिहायचं, "२४० विद्यार्थ्यांनी लाभ घेतला." कुणी काय घेतलं ते विचारायची सोय नाही. आणि त्या दिवशी गैरहजर असतात ती बहुतेक तीच मुलं, ज्यांना याची सर्वांत जास्त गरज असते.

म्हणून मला आधी एक तक्ता हवाय. मुलागणिक एक ओळ. रकाने मोजके: वर्षाच्या सुरुवातीला सांगितलेली आवड आणि शेवटी सांगितलेली, कोणकोणत्या कामाच्या माणसांना भेटला, कामाची जागा पाहिली का, एकट्याशी बोलणं झालं का, पालकांना कळलं का, शाळा सोडल्यावर कुठे गेला. रिकामा रकाना दिसला की त्या मुलासाठी दुसरी तारीख. इंग्लंडमध्ये गॅट्सबी फाउंडेशन या धर्मादाय संस्थेसाठी जॉन होलमन यांनी २०१४ मध्ये शाळेतल्या चांगल्या करिअर मार्गदर्शनाचे आठ निकष मांडले, त्यांत शाळा सोडल्यानंतर निदान तीन वर्षं प्रत्येक मुलाची नोंद ठेवा असं आहे. तू म्हणशील, झाला अण्णा परदेशी कागद वाचून शहाणा. पण "वर्षातून निदान एकदा तरी नोकरी देणाऱ्यांशी अर्थपूर्ण गाठ" हा त्यांचा निकष वाच आणि मग आपला मेळावा आठव. अर्थपूर्ण या शब्दावर सगळं अडतं.

तिथेच २०१२ च्या एका पाहणीत असं दिसलं, की शाळेत असताना चार किंवा जास्त वेळा अशी गाठ पडल्याचं सांगणारे तरुण पुढे शिक्षण आणि नोकरी दोन्हींबाहेर राहण्याचं प्रमाण अशी एकही गाठ न आठवणाऱ्यांपेक्षा पाच पटींनी कमी होतं. गाठीमुळेच हे झालं, असं त्यातून सिद्ध होत नाही हे मलाही कळतं, उगाच तुटून पडू नकोस. पण चार भाषणं ऐकवली की चार गाठी झाल्या, असं समजणारे आमच्याकडे ढिगाने आहेत.

मग करायचं कसं? एका वर्गाची ६० मुलं घे. सहा पाहुणे, दहा-दहांचे सहा गट, प्रत्येक फेरी १५ मिनिटं, जागा बदलायला ३. दोन तासांच्या आत प्रत्येक मूल सहाही जणांना भेटतं. २४० मुलांना चार दिवस लागतील, लागू देत. पाहुण्यांना पानभर सूचना आधी पाठवायच्या: मुलं किती वर्षांची, त्यांना काय येतं, आणि स्लाइड आणू नका. हातात धरता येईल असं काहीतरी आणा, नाकारलेला सुटा भाग, बिघडलेलं मीटर, काहीही. आणि सांगा फक्त इतकं, की काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय केलं, या कामात शिरलात कसे, आणि तुमच्याकडे अर्ज कशामुळे बाद होतो. हा शेवटचा प्रश्न मुलं कधीच विसरत नाहीत.

बोलवायचे कोण, यावरच तर आपलं जुनं भांडण. मला तुमचे जनरल मॅनेजर नकोत. त्यांचा प्रवास ऐकून मुलं टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन पुन्हा डॉक्टर-इंजिनियर लिहितात. मला दोन वर्षांपूर्वी लागलेला अप्रेंटिस दे, स्टोअरकीपर दे, मशीनवर काम करणारी मुलगी असेल तर आधी ती. नुकताच आत शिरलेल्याला दार कुठे आहे ते अजून आठवत असतं.

"पोरं आली की काम थांबतं," हे तुझं खरं आहे. ४० मुलांची रांग शॉपफ्लोअरवर नेली तर मागच्या तिसाला आवाजात काही ऐकू येत नाही आणि सुपरवायझरचा जीव टांगणीला. बारांच्या वर गट नको, सोबत दोन मोठी माणसं, पालकांची लेखी परवानगी, बंद बूट, केस बांधलेले, ओढणी नाही. कॉन्फरन्स हॉलमधलं स्वागत दहा मिनिटांत उरकायचं. नंतर दोघा-दोघांनी एकाच कामगाराला अर्धा तास पाहायचं आणि लिहायचं: त्याने काय मोजलं, कुणाला विचारलं, चूक कशी पकडली. परत आल्यावर त्याच आठवड्यात वर्गात त्यावर तास झाला नाही, तर ती सहल.

गणिताचे लंबू सर तुमच्या कामातून गणित शिकवायला तयार आहेत, पण त्यांना आकडे हवेत. एका महिन्याचे नाकारलेले भाग, कंपनीचं नाव खोडून दे, टक्केवारी आणि सरासरी त्यावरच शिकवतील.

डोकेदुखी वेगळीच आहे. प्रत्येकाशी एकट्याने अर्धा तास बोलायचं म्हटलं तर २४० मुलांचे १२० तास, आठवड्याला चार तास मिळाले तरी ३० आठवडे. म्हणजे आख्खं वर्ष. त्यामुळे आधी ज्यांनी आवडीच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही ते, मग ज्यांची आवड आणि गुण यांचा मेळ नाही ते. कलचाचणीचा कागद बोलणं सुरू करायला ठीक, निकाल म्हणून हातात द्यायचा नाही. आणि संस्थेची स्वतःची अकरावी-बारावी असली की, मुलं तिथेच राहावीत म्हणून, तंत्रशिक्षणाचं माहितीपत्रक नोटीस बोर्डावर टिकत नाही, हे तुला काय वेगळं सांगू. ते कसं सोडवायचं, अजून सुचलेलं नाही. पालकांना संध्याकाळी बोलवून सगळे रस्ते एकाच तक्त्यात दाखवावेत, एवढंच सध्या.

संपर्क एकाच शिक्षकाच्या मोबाईलमध्ये राहिले, तर बदलीबरोबर ते जातात. म्हणून दोघांकडे वही. पाहुण्यांना सहा आठवडे आधी पत्र, आदल्या आठवड्यात आठवण, आदल्या दिवशी फोन, एक पाहुणा राखीव. आठ दिवसांत मुलांनी लिहिलेलं त्यांना परत पाठवायचं. त्यात "छान वाटलं" नको, "पुढच्या महिन्यात मी काय करून बघणार" हवं.

तुझं नवं घर लागलं का? वहिनींची परीक्षा कशी झाली? चिंट्याला म्हणावं, काकाला फोन कर.

तुमचं मेंटेनन्ससाठी शटडाउन कोणत्या आठवड्यात असतं ते कळव, तो सोडून तारखा धरतो. आणि तो अप्रेंटिस आणि स्टोअरकीपर कोण, तेही नावानिशी. मॅनेजरचं नाव पाठवलंस तर पत्र परत.

तुझा,
अण्णा