सुजाताला पत्र : थायलंडचा व्हिसा आणि आजीची परवानगी

दापोली

प्रिय सुजाता,
सप्रेम जयभीम.

व्हिसा आला! फोनवर तेवढंच सांगून ठेवून दिला, कारण मागे आई, आजी आणि वाडीतल्या दोघी काकू कान टवकारून बसल्या होत्या. आता सविस्तर लिहिते. पुढच्या वर्षी तुलाही अर्ज करायचाय, तेव्हा यातलं निम्मं तुझ्या कामाचं आणि निम्मं नुसतं करमणुकीचं.

विद्यापीठ तुला ठाऊक आहेच, अयुथ्या प्रांतात वांग नोईला असलेलं महाचुलालोंगकोर्न. 1887 साली चुलालोंगकोर्न राजाने ते भिक्खूंच्या शिक्षणासाठी काढलं. आता गृहस्थांनाही घेतात, परदेशी मुलींनाही, आणि आंतरराष्ट्रीय विभागात इंग्रजीतून शिकवतात. प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा वाटलं, संपलं काम. कसलं काय! घरात एकच प्रश्न सुरू झाला, "तिथं जाऊन तू होणार कोण?" आणि व्हिसाचा अर्ज उघडला तर तोही तेच विचारत होता. शिकायला जाणाऱ्यांचा वर्ग ‘ईडी’, धर्मकार्याला जाणाऱ्यांचा ‘आर’. मी विद्यार्थिनी, म्हणून ईडी. दूतावासाला हे पटवायला विद्यापीठाचं एक पत्र पुरलं. आजीला पटवायला अख्खा पावसाळा गेला.

तिचं म्हणणं असं, की पाली भाषा शिकायला एवढ्या लांब कोण जातं? पुण्यात एम.ए. झालं ना? म्हणजे नक्की चीवर घालून येणार. "बाय, डोकं भादरून आलीस तर मला तोंड दाखवू नको." ही तीच आजी, जी पावसाळ्यातल्या वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला सगळ्यांच्या आधी जाऊन बसते! भन्ते दारी आले तर पाया पडेल, पण नात भिक्खुणी झालेली चालायची नाही. शेवटी मी तिला खरं ते सांगितलं. 1928 साली थायलंडच्या संघराजांनी, म्हणजे तिथल्या भिक्खुसंघाच्या प्रमुखांनी, स्त्रियांना दीक्षा द्यायला भिक्खूंना मनाई केली, ती अजून उठलेली नाही. तिथल्या बायका फार तर पांढरी वस्त्रं नेसून आठ शीलं पाळतात, त्यांना ‘माए ची’ म्हणतात. ज्यांना भिक्खुणीच व्हायचं असतं त्या श्रीलंकेला जाऊन दीक्षा घेतात. आजीचा जीव भांड्यात पडला. म्हणाली, "मग जा." मी मात्र धुमसत राहिले. महाप्रजापती गौतमीला, आपल्या मावशीला, खुद्द तथागतांनी संघात घेतलं, आणि मला घरातून परवानगी मिळाली ती बायकांना बंद असलेल्या दाराच्या जिवावर. मला भिक्खुणी व्हायचं नाही हे खरं, पण ते मी ठरवलेलं असावं ना?

असो. आता कामाचं.

सगळ्यात जास्त छळलं ते बँकेच्या पासबुकाने. आपल्याकडे पैसा कसा येतो, तुला सांगायला नको. वर्षभर खात्यात खडखडाट, मग एप्रिल-मेमध्ये काजू आणि आंब्याचे पैसे एकदम. कलमं व्यापाऱ्याला दिली की तो रक्कम एका हप्त्यात टाकतो. अर्ज तपासणाऱ्याला मात्र अचानक आलेली मोठी रक्कम म्हणजे कुणाकडून उसनी आणून दाखवलेली वाटते. म्हणून व्यापाऱ्याशी झालेला करार, सातबारा आणि जुन्या हंगामांच्या नोंदी असं सगळं इंग्रजी भाषांतरासह जोडलं. शिवाय मुंबईच्या काकांचं हमीपत्र, त्यांची पगाराची स्लिप, आणि ते माझे सख्खे काका आहेत याचा पुरावा. तू आत्तापासूनच खात्यात थोडे थोडे भरत जा.

परदेशी शिष्यवृत्तीचंही बघितलं होतं. सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आपल्यासारख्यांसाठीच आहे, पण तिला क्यूएस या जागतिक क्रमवारीत वरचं विद्यापीठ लागतं. आपलं वांग नोईचं विद्यापीठ तिथं कुठून येणार?

दुसरी भानगड नावाची. पदवीवर आधी आडनाव, मग माझं, मग बाबांचं. पासपोर्टवर माझं आणि बाबांचं एकत्र, आडनाव वेगळ्या रकान्यात. आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर बाबांच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. एकाच बाईचे तीन अवतार. प्रतिज्ञापत्र करून तिन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं लिहून दिलं. तुझ्या कागदांवरची नावं आजच शेजारी शेजारी ठेवून बघ.

अर्ज ऑनलाइनच होतो, 2025 च्या जानेवारीपासून भारतातून तसंच आहे. पण ऑनलाइन म्हणजे दापोलीत जुलै महिन्यात! लाइट होती तर नेट नाही, नेट आलं तर लाइट गेली. सेवा केंद्रातला पोरगा इन्व्हर्टरवर स्कॅन करून द्यायचा आणि दर कागदागणिक विचारायचा, "ताई, तिकडे मसाज शिकायला चाललात का?" त्याला विसुद्धिमग्ग हा पाली ग्रंथ कसा समजावणार? शेवटी म्हटलं, हो.

एक एजंट म्हणाला होता, "टुरिस्ट म्हणून जा, तिथं गेल्यावर बघू." तसलं अजिबात करू नकोस. तिथे जाऊन प्रकार बदलून मिळाला नाही तर वर्ष बुडतं, आणि मुदत उलटून राहिलीस तर दिवसाला 500 बाथ दंड.

व्हिसा आला म्हणून सुटका नाहीच. प्रवेश 90 दिवसांचा. ते संपण्याआधी विद्यापीठाचं पत्र घेऊन इमिग्रेशनकडून मुदत वाढवायची, त्याला 1,900 बाथ. राहायला गेलीस की घरमालकाने 24 तासांत कळवायचं, आणि सलग राहिलीस तर दर 90 दिवसांनी आपला पत्ता आपण कळवायचा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मधेच घरी यायचं तर आधी री-एंट्री परमिट काढायचं, एका वेळचे 1,000 बाथ. ते न काढता देशाबाहेर पाऊल टाकलं की वाढवलेली मुदत तिथंच रद्द, पुन्हा सगळं पहिल्यापासून. आजीचं काही बरंवाईट झालं तरी विमानात बसण्याआधी परमिटचा शिक्का. हे मी घरात सांगितलेलं नाही, तूही बोलू नकोस.

या गडबडीत धर्मानंद कोसंबींची फार आठवण यायची. गोव्यातल्या साखवाळचा माणूस, म्हणजे आपल्याच किनाऱ्याचा. घरदार सोडून 1902 मध्ये सिलोनला पोचला आणि विद्योदय या बौद्ध विद्यालयात सुमंगल महास्थविरांकडे पाली शिकला. पुढे याच विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी हार्वर्डला गेला. त्याच्याकडे कुणी सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट मागितलं नसेल! पण तो बायको आणि लहान मुलगी मागे ठेवून गेला होता, हेही विसरता येत नाही. माझ्या आजीसारखी तिथंही कुणी रागावून बसली असेल.

निघण्याआधी आजीला पन्हाळेकाजीला नेऊन आणलं. कोटजाई नदीकाठी 29 लेणी, आधी बौद्धांची, नंतर नाथपंथीयांनी वापरलेली. आजीला गुडघ्यांमुळे फार चढवेना. खालीच बसून राहिली आणि विचारलं, "इथले भन्ते शिकायला कुठनं यायचे?" मी म्हटलं, लांबून, समुद्राकडूनही आले असतील. "व्हिसा लागायचा का?"

बाकी भेटीत. मुंबईला तुझ्याकडेच उतरणार आहे, एक रात्र. बॅगेत 23 किलोच नेता येतं आणि माझे दोन कोशच चार किलोंचे आहेत, म्हणून आईने दिलेला कोकम-कुळथाचा डबा तुझ्याकडे सोडून जाईन. कुळथाचं पीठ तूच खा, कोकमं मात्र जपून ठेव. कुणी बँकॉकला येणारं भेटलं तर त्याच्या हाती पाठव. आणि पासबुकाचं आठवणीने कर.

तुझी,
शीला