लिंक अजून जुन्याच फाइलकडे बघतायत

प्रिय मित्रा,

एक्सेलच्या जुन्या फाइली नव्या फॉरमॅटमध्ये सेव्ह केल्यापासून तुझ्या समरीतल्या (बाकीच्या फाइलींतले आकडे गोळा करणाऱ्या फाइलीतल्या) लिंक चालत नाहीत, त्यावरून काल फोनवर तू एवढा वैतागला होतास की मी काय सांगतोय ते तुझ्यापर्यंत पोचतच नव्हतं, म्हणून लिहूनच पाठवतोय, सावकाश वाच. आणि वाचून होईपर्यंत त्या ब्रेक लिंकच्या बटणाला हात लावू नकोस प्लीज. त्याने लिंक दुरुस्त होत नाही रे, फॉर्म्युलाच उडतो, तिथे नुसता आकडा उरतो आणि ते अनडू पण होत नाही.

जुन्या एक्सएलएस फाइलींच्या नव्या एक्सएलएसएक्स केल्यास ते बरोबरच केलंस, जुन्या फॉरमॅटमध्ये एका शीटला 65,536 ओळींच्या पुढे जाताच येत नाही, नव्यात 10,48,576 मिळतात. पण सेव्ह अ‍ॅज केलं की नवी फाइल तयार होते, जुनी आहे तिथेच राहते, आणि तुझ्या समरीतल्या फॉर्म्युल्यात चौकोनी कंसात जुन्या फाइलचं नाव एक्सटेन्शनसकट लिहिलेलं असतं. समरी त्या वेळी उघडी असती तर एक्सेलनेच नावं बदलली असती, बंद होती म्हणून राहिली.

तू जुन्या फाइली उडवल्यास म्हणून तुला निदान फाइल सापडत नाही असा मेसेज तरी आला. माझ्या जुन्या फाइली तशाच पडून होत्या, त्यामुळे एकही एरर नाही, आम्ही सगळे नव्या फाइलीत एन्ट्री करतोय आणि समरी आपली जुन्यातूनच आकडे उचलतेय, असे तीन महिने गेले. एका बेरजेवर शंका आली तेव्हा कळलं. त्या रात्री मला खरंच झोप लागली नाही, कारण त्या आकड्यांवर लोकांनी निर्णय घेतले होते.

आता असं कर. आधी सगळ्याची एक कॉपी काढ. मग समरी उघडून डेटा टॅबमध्ये एडिट लिंक्स बघ, नव्या व्हर्जनमध्ये त्याला वर्कबुक लिंक्स म्हणतात, तिथे जुन्या फाइलींची यादी दिसेल, एकेक निवडून चेंज सोर्स करायचं आणि नवी फाइल दाखवायची. बहुतेक काम इथेच संपतं. फाइंड रिप्लेस करायचंच असेल तर नुसतं एक्सएलएस शोधू नकोस, आधीच बरोबर झालेल्या नावांना शेवटी अजून एक एक्स चिकटेल, पुढचा बंद कंस धरूनच शोध.

इनडायरेक्ट हे फंक्शन वापरलंयस का कुठे? त्यात फाइलचं नाव साधा मजकूर म्हणून असतं, चेंज सोर्स त्याला शिवत नाही, ते हातानेच बदलावं लागतं. नेम मॅनेजर (सेलना दिलेल्या नावांची यादी), कंडिशनल फॉरमॅटिंग, चार्टची सिरीज, इथेही लिंक लपून बसतात, यादीतून एखादी जातच नसेल तर तिथेच असणार. आणि सेलना दिलेली तुझी ती क्यूटीआर1, क्यूटीआर2 अशी नावं! नव्या फॉरमॅटमध्ये कॉलम एक्सएफडीपर्यंत जातात, म्हणजे क्यूटीआर1 हा आता एका सेलचाच पत्ता झाला, म्हणून एक्सेल अशा नावापुढे अंडरस्कोर लावतं आणि त्या नावावरच्या लिंक चुकतात. त्या नीट तपास.

मॅक्रो असलेली फाइल एक्सएलएसएम म्हणून सेव्ह कर, नाहीतर मॅक्रो जातील.

सगळं झालं की जुन्या फाइलींची जी कॉपी असेल ती भलत्याच फोल्डरमध्ये हलव, समरी उघडून अपडेट कर आणि दोन-चार बेरजा नव्या फाइलींशी स्वतः ताडून बघ. अडलास तर रात्री कितीही वाजता फोन कर, मी जागा आहे.

तुझाच मित्र